पातं का तुटतं, रेघ का सुटते: स्क्रोल सॉवर नव्यानं बसणाऱ्या दादांना उत्तर

पाचोऱ्याच्या एका दादांचा प्रश्न आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्यानं नक्षी कापायची मोटरची करवत घेतली, त्याला महिना झाला. दर पाच-दहा मिनिटांनी पातं तुटतं, सरळ रेघ उजवीकडे पळते, सागवान कडेनं काळं पडतं आणि प्लाय खालून फाटतो. मुलगा म्हणतो, मशीन बदला, मोठी घ्या. दारावर ‘सुखशांती’ अशी अक्षरांची पाटी आणि श्रावणात आपल्या खानदेशच्या कानबाई देवीसाठी जाळीचं मखर करायचं त्यांच्या मनात आहे. शेवटी विचारतात, “ताई, हे माझ्या वयाला झेपेल का?”

दादा, वयाचं सोडा. या मशीनवर घाई करणाऱ्याचं काम बिघडतं, आणि निवृत्त माणसाला कसली आलीय घाई? मशीनही बदलू नका. १६ इंची म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर १६ इंच. मोठ्या मशीनवर मोठा तुकडा फिरतो, एवढाच मुख्य फायदा. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही त्यानं जायची नाही. मशीनचे पैसे पात्यांवर आणि बऱ्या लाकडावर घाला.

पात्यापासूनच सुरू करते, कारण तुमचं सगळं दुखणं तिथंच आहे. मशीनसोबत जी पाती आली असतील ती दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली असणार. ती जाड असतात, वळणावर अडतात, आणि जाळीच्या कामात त्यांची मोठी अडचण म्हणजे ती पिन आत घालायला चांगलं पाच मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. बिनपिनचं सपाट टोकाचं पातं मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. तुमच्या मशीनला ती लागतात का बघा. १६ इंची बऱ्याच मशीनबरोबर त्यासाठी दोन छोटे क्लॅम्प दिलेले असतात आणि लोक ते खोक्यातच विसरतात. दोन्ही जातींची लांबी पाच इंचच असते. बिनपिनची पाती डझनावर मिळतात, नंबरावर ओळखतात. नंबर लहान तितकं पातं बारीक. तुम्ही ५ नंबरची डझनभर आणि ३ नंबरची डझनभर घ्या, दोन्ही ‘रिव्हर्स टूथ’ (खालचे काही दात उलटे असलेली) म्हणून मागा. जाड सागवानाला पुढं ७ किंवा ९ लागेल. स्पायरल नावाचं पीळ दिलेलं पातं मिळतं, ते चारी दिशांना कापतं म्हणून मोह होतो. आत्ता घेऊ नका. रेघेवर चालायची सवय लागायच्या आत ते हातात आलं तर हात कायमचा वेडावाकडा होतो.

नव्या पात्याला तेलाचा हात असतो, त्यामुळं टोक क्लॅम्पमधून निसटतं आणि आपल्याला वाटतं, तुटलं. दोन्ही टोकं थिनरच्या फडक्यानं पुसा, नाहीतर पॉलिश पेपरवर एकदा घासा. दात पुढं, तुमच्याकडे, आणि दातांची टोकं खाली. हे सांगायला नको असं वाटेल, पण माझ्याकडे शिकायला आलेल्या दर तिसऱ्या माणसानं एकदा तरी पातं उलटं लावलेलं आहे. मशीन भुसा पाडत नाही, नुसतं लाकूड थडथड उडवतं, तेव्हा आधी हे बघायचं.

मग ताण. पातं सतारीच्या तारेसारखं नखानं छेडायचं. ‘टिंग’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. ‘डब’ आला तर ढिलं आहे. बोटानं बाजूला दाबलं तर सूतभर हलावं, त्याहून जास्त नको. ढिलं पातं लाकडात वाकतं, पिळतं आणि मधोमध तुटतं. फार ताणलं तर क्लॅम्पच्या तोंडाशी तुटतं. तुमची तुटलेली पाती फेकली नसतील तर जुळवून बघा. माझा अंदाज, बहुतेक मधेच तुटली असतील.

आणि मधे तुटायचं दुसरं, खरं कारण म्हणजे हात. माझे वडील सुतार. पारोळ्याच्या बाजूला आमचं खेडं, तिथं बैलगाडी, वखर, तिफण हीच कामं. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी मला कमानीची बारीक हातकरवत दिली आणि खोक्याच्या फळीवर चिमणी काढून दिली. मी दोन्ही हातांनी रेटायला लागले तर अहिराणीत एवढंच म्हणाले, “ढकलू नको, करवतले खाऊ दे.” आज मोटर असली तरी तेच आहे. पातं जेवढं खातंय तेवढंच लाकूड पुढं द्यायचं. चालू मशीनवर पातं मागं कमानीसारखं वाकलेलं दिसलं की समजायचं, आपण रेटतोय. हाताला लाकूड गेल्याचं कळावं, जोर लावल्याचं कळू नये.

पातं अमर नसतं, हेही मनाला सांगून ठेवा. सागवानावर माझं ५ नंबरचं पातं वीस-पंचवीस मिनिटं चांगलं चालतं, नंतर हळूहळू जोर मागायला लागतं. जोर मागितला की काढून टाकायचं, तुटायची वाट बघायची नाही. आपल्याकडे ‘अजून चालतंय की’ म्हणत वस्तू वापरायची सवय आहे. बोथट पात्याच्या बाबतीत ती सवय फार महाग पडते, कारण आठ आठवड्यांचं काम शेवटच्या कोयरीत जातं.

आता उजवीकडे पळणारी रेघ. ही तुमची चूक नाही, मशीनचीही नाही. ही पाती बनवतानाच दातांच्या एका अंगाला बारीक कोर राहते. ते अंग जास्त धारदार, म्हणून पातं तिकडे ओढतं; बहुतेक पाती उजवीकडे. टेबल सॉसारखी पट्टी लावून सरळ कापायला गेलात तर कधीच जमणार नाही. लाकूडच तीन-चार अंशांनी तिरकं धरून द्यायचं. प्रत्येक नव्या पात्याचा तिरकेपणा किंचित वेगळा असतो, म्हणून पातं बदललं की आधी रद्दी तुकड्यावर चार इंचांची रेघ कापून बघायची. आठवड्याभरात हात आपोआप तिरका होतो, मग आठवणही राहत नाही.

पण त्याआधी पातं टेबलाशी काटकोनात आहे का ते तपासा. टेबलावर जो अंशांचा काटा छापलेला असतो, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. लहान गुण्या लावून बघता येतं, पण त्याहून खात्रीचा उपाय सांगते. इंचभर जाडीचा तुकडा घ्या, त्याच्या पुढच्या कडेला पात्यानं जेमतेम खाच पाडा आणि मशीन बंद करा. तोच तुकडा टेबलावरच, न उलटता, अर्धा फिरवून पात्याच्या मागं न्या. पात्याची पाठ त्या खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसली तर टेबल बरोबर. वर बसली आणि खाली अडली तर टेबल कललेलं आहे. हे दर दोन-तीन बैठकींनंतर करायचं. टेबल कललेलं असेल तर कापलेला भाग एका बाजूनंच निघतो, आणि थरावर थर ठेवून कापलेल्या नक्षीत खालचा तुकडा वरच्यापेक्षा वेगळा निघतो.

बैठकीचंही बघा. मशीन हलक्या टेबलावर असेल तर सगळं घर थरथरतं. जड पाटावर बोल्टनं आवळा आणि खाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. मागचे पाय दीड-दोन इंच उचलले तर टेबल आपल्याकडे झुकतं आणि मान मोडत नाही. साठीनंतर पात्याच्या खालोखाल हीच गोष्ट महत्त्वाची, हे मी स्वतःच्या मानेवरून सांगते.

वळण कसं घ्यायचं ते एक उदाहरण घेऊन नीट सांगते, कारण पुढचं सगळं काम त्यावर आहे. कोयरी घ्या. पोट गोल, शेपूट वळून आलेली आणि शेवटी सुईसारखं टोक. पोटापर्यंत काहीच अडचण नाही, लाकूड फिरवत राहायचं. डोळा पात्यावर ठेवायचा नाही, पात्याच्या पुढं दोन-तीन मिलिमीटर रेघेवर ठेवायचा. सायकलवर आपण चाकाकडे थोडंच बघतो? टोक आलं की पुढं देणं थांबवायचं. मशीन चालूच. लाकूड केसभर आपल्याकडे ओढायचं, म्हणजे दात रिकामे होतात आणि पात्याची गुळगुळीत पाठ कापलेल्या खाचेला टेकते. त्या पाठीवर लाकूड एका दमात गर्रकन फिरवायचं, आणि फिरून नव्या रेघेवर आलं की पुन्हा पुढं द्यायचं. हळूहळू फिरवलं तर तिथं गोल भोक पडतं आणि कोयरीचं टोक बोथट होतं. पातं पिळलं तर तुटतं. पहिल्या दिवशी वीस कोयऱ्या वाया घालवा, एकविसावी येईल. कोयरी ठेवायची असेल आणि बाहेरचं लाकूड टाकून द्यायचं असेल, तर त्याहून सोपी युक्ती आहे: टोकावरून सरळ पुढं टाकाऊ भागात जायचं, तिथं निवांत गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूनं टोकावर परत यायचं. भोकाच्या आतला अणकुचीदार कोपरा असेल तर दोन्ही बाजूंनी येऊन कोपऱ्यात मिळायचं.

सागवान काळं पडतं ते का? सागात तेल आहे आणि सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश आहे. ती वाळू दात बोथट करते, बोथट दात कापण्याऐवजी घासतात, घासलं की जळतं. शिवाय तुम्ही वळणावर घाबरून थांबत असाल. वेग पूर्ण आणि लाकूड जागच्या जागी, मग जळणारच. वेग मधला ठेवा, जाड लाकडाला मोठ्या दातांचं पातं लावा, आणि नक्षीच्या कागदावर पार्सल चिकटवायची पारदर्शक टेप लावा. त्या टेपवर चिकट थर सुटा राहावा म्हणून जे गुळगुळीत अस्तर असतं ते पात्याला वंगण होतं. पहिल्यांदा मला कुणी हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. आता टेपशिवाय सागाला हात लावत नाही.

खालून फाटणारा प्लाय रिव्हर्स टूथ पात्यानं निम्मा सुधारेल. या पात्याचे खालचे काही दात उलटे, वर तोंड केलेले असतात. पातं वर जाताना ते खालची साल वर दाबून कापतात. मात्र पातं वर गेलेलं असताना त्यातले दोन-तीन दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर ते लाकडापर्यंत पोचतच नाहीत. राहिलेला निम्मा उपाय फुकटचा आहे. टेबलातलं पात्याचं भोक मोठं असतं, तिथं प्लायला खालून आधार नसतो. पत्त्याच्या कॅटमधला एक जुना पत्ता घ्या, मध्ये सुईनं भोक पाडून पातं त्यातून घाला आणि पत्ता टेबलाला टेपनं चिकटवा.

नक्षी चिकटवताना कागद थेट लाकडाला लावू नका. आधी मास्किंग टेपचा थर, त्यावर ग्लू स्टिक, त्यावर कागद. काम झालं की सालीसारखं निघतं. फक्त आपल्याकडे चैत्र-वैशाखात एक पथ्य: पत्र्याच्या शेडमध्ये टेप लावलेली फळी चार दिवस तशीच ठेवली तर डिंक लाकडात शिजतो, मग थिनर ओता नाहीतर नशिबाला दोष द्या.

लाकडाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण प्रत्येक जण ‘सागवान घेतलं’ असं अभिमानानं सांगतो. साग चांगलाच आहे, पण नवशिक्यानं त्यावर शिकू नये. शिकायला खोक्याचं पाइन घ्या. एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्याकडे पॅकिंगच्या पेट्या मिळतात, खिळे काढून रंधा मारला की पोटभर सराव. जाडी चार सूत ठेवा. चार मिलिमीटरचा पातळ प्लाय सोपा वाटतो, पण तो पातं इतक्या झटकन खातं की रेघ सुटल्याचं कळेपर्यंत पाव इंच गेलेलं असतं.

त्यानंतर वखारीत शिवण विचारा. हलकं, फिकट पिवळसर, पावसाळ्यात फारसं न फुगणारं, कोरायला लोण्यासारखं. माझ्या मते आपल्या भागात स्क्रोल सॉसाठी याच्यासारखं लाकूड नाही, आणि सागाच्या नावाखाली ते उगाच मागं पडलं. हळदू, म्हणजे हेदू, मिळाला तर बारीक नक्षीला उत्तम; अंग पिवळं आणि रेषा इतक्या घट्ट की दोन मिलिमीटरची काडीसुद्धा टिकते. आंब्याचं स्वस्त पडतं पण त्याला कीड फार लवकर लागते. अंजनाच्या वाटेला सध्या जाऊ नका. सातपुड्याचं ते लाकूड म्हणजे लोखंडच, तांबूस-काळं, दिसायला देखणं, आणि एका कोयरीला तीन पाती मागतं. मी त्याचे छोटे तुकडे फक्त डोळे, चोच, कुंकू अशा ठिपक्यांना वापरते. आणि ‘डोंगरातून आलंय, स्वस्तात देतो’ असं सागवान कुणी दारावर आणलं तर हात जोडा. पावती देणाऱ्या वखारीतूनच लाकूड घ्यायचं.

जुन्या धाब्याच्या घरांचं लाकूड मात्र सोनं आहे. आपल्याकडे घरं पाडली की तुळया आणि खांब भंगारच्या भावात जातात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान, ते आता हलत नाही. पण त्यात पोटात तुटलेले खिळे असतात. मी एकदा एक तुळई सॉ मिलवर चिरायला नेली. आतल्या खिळ्यानं मिलच्या पात्याचे दात गेले आणि मालकानं चार माणसांत माझा जो उद्धार केला तो अजून कानात आहे. त्याचं बरोबरच होतं. तेव्हापासून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवलंय, जुनं लाकूड आधी त्याच्याखालून जातं.

ऊन-पावसाचं गणितही इथलंच ध्यानात घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत तीच हवा ओली. मी मे महिन्यात फूटभर रुंदीची सागाची फळी चौकटीत गच्च बसवली होती. भाद्रपदात ती मधून पापडासारखी फुगली आणि चौकटीचा सांधा उघडला. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. उन्हाळ्यात बसवताना रुंदीला सूतभर जागा सोडायची.

आता तुमची पाटी. देवनागरी अक्षरं कापणाऱ्याला एक देणगी आहे, ती म्हणजे शिरोरेखा. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, ती एकेक फळीवर चिकटवावी लागतात. आपला शब्द एका दांडीला लटकलेला, अख्खा एका तुकड्यात निघतो. पण ‘सुखशांती’ शब्द नीट बघा. स चा उकार खाली लोंबतो, तो स च्या दंडाला जाड मानेनं जोडलेला हवा. ख मध्ये र आणि व यांचे भाग खाली एकमेकांना टेकलेले काढा, म्हणजे दोघं एकमेकांना धरून राहतात. शां वरचा अनुस्वार मात्र हवेत आहे, त्याला कुणाचाच आधार नाही. एकतर तो थोडा खाली आणून शिरोरेखेत पाव भाग बुडवा, नाहीतर वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवा. मी वेगळाच कापते, अंजनाचा. पिवळ्या शिवणीवर काळा टिंब कपाळावरच्या कुंकवासारखा दिसतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ती ची वेलांटी. शिरोरेखा मजबूत व्हावी म्हणून लाकडाचे रेषे आडवे ठेवतो. मग सगळे काने आणि दंड रेषांना आडवे पडतात, आणि वेलांटीची कमान तर दोन्हीकडून कच्ची. पॉलिश पेपर मारताना ती हमखास हातात येते. म्हणून दंड निदान पाच-सहा मिलिमीटर रुंद ठेवा, वेलांटी शिरोरेखेच्या फार वर नेऊ नका, आणि क्रम असा ठेवा: आधी अक्षरांच्या पोटातली भोकं, मग बाहेरची रेघ, आणि बाहेरच्या रेघेतही वेलांटी सगळ्यात शेवटी. फळीचं वजन जोवर भोवती आहे तोवर नाजूक भाग सुरक्षित असतो. सागाची अक्षरं मागच्या फळीला चिकटवणार असाल तर आधी थिनरनं पुसा. सागाचं तेल फेविकॉल धरू देत नाही.

मखराचं सोपं गणित सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. तुमच्या मशीनवर तुकडा सगळ्या बाजूंनी मोकळा फिरायचा तर त्याचा कर्ण १६ इंचांच्या आत हवा. ९ बाय १२ इंचांचा तुकडा घ्या, कर्ण बरोबर १५ येतो. असे तीन एकावर एक म्हणजे तीन फुटांचा एक खांब. दोन बाजूंना मिळून सहा तुकडे. सांधे आडव्या पट्टीखाली झाकले जातात. प्लाय सहा मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी चांगला. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून टाकाऊ जागांत दुहेरी टेप, कडेनं मास्किंग टेप, आणि एकदम कापायचं. एक तुकडा उलटला की आपोआप आरशातली नक्षी मिळते, डावा-उजवा खांब जुळतात. एकेका तुकड्यात पन्नास-साठ भोकं धरली आणि दर भोकाला पातं सोडून, ओवून, पुन्हा ताणायचं, तर संध्याकाळी बारा-पंधरा भोकं होतात. दोन-दोन एकदम कापले की दहा ते पंधरा संध्याकाळी लागतील. मी मधल्या भोकांपासून बाहेर येते, लहान आधी, मोठी शेवटी. भोकं पाडताना खाली रद्दी फळी ठेवा आणि पाडून झाल्यावर खालची कोर पॉलिश पेपरनं काढा. ती राहिली तर फळी टेबलावर घसरत नाही, अडखळते, आणि अडखळली की रेघ गेली.

प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, हे कापल्याशिवाय कळत नाही. नक्षीची पाकळी पोकळीवर आली तर ती गळते. फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून भरा आणि पुढं चला, समईच्या उजेडात कुणाला दिसत नाही.

जाळीला ब्रशनं पॉलिश करत बसू नका, प्रत्येक भोकात ओघळ राहतो. मोठ्या परातीत डबल बॉइल्ड जवसाचं तेल थिनर घालून पातळ करा, तुकडा त्यात बुडवा, काढा, फडक्यानं पुसा, आठवडाभर वाळू द्या. घरातलं सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ते चिकट राहतं आणि वास मारतं. आणि हे नीट ऐका: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते वाळताना आपोआप तापतं आणि पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच नको. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायची. मखर वाळल्यावरही दिवा त्याच्यापासून हातभर लांब ठेवा.

धुळीचं थोडक्यात: एन ९५ मास्क आणि चष्मा, रोज. सागाची धूळ काहींच्या कातडीवर पुरळ उठवते. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची धूळ फार बारीक, त्यात फॉर्मल्डिहाइडची रेझिन असते. घरात तर मी ते कापतच नाही. बोट कधीही पात्याच्या सरळ रेषेत पुढं नको, बाजूला हवं. वीज गेली की आधी स्विच बंद. मशीनची भुसा उडवणारी नळी मरतुकडी असते, माशांच्या टाकीचा छोटा पंप जोडला की रेघ स्वच्छ दिसते.

मखर झालं की नातवंडांसाठी एक काम सुचवते. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्यानं नकाशा फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, तेव्हापासून जिगसॉ कोडी आली. आपण खानदेशचे तालुके कापायचे. जळगावचे १५, धुळ्याचे ४, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारचे ६. एकूण २५ तुकडे, कोडं अगदी मापाचं. नकाशा फेविकॉलनं पातळ चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवायचा, ३ नंबरचं पातं लावायचं म्हणजे फट बारीक राहते. पहिली रेघ तापीची कापा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. ती बहुतेक ठिकाणी तालुक्यांची सीमाही आहे, आणि फळीचे दोन हलके भाग झाले की पुढचं फिरवणं सोपं. वर रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा ओळीनं येतात. बोदवड लहान आहे, तो तुकडा तोंडात घालणाऱ्या वयाच्या पोरापासून लांब ठेवा. अक्राणीचे कंगोरे बघून मी दोनदा पातं बदललं होतं. आणि आता नाशिक जिल्ह्यात असलेले मालेगाव, बागलाण कुठं गेले म्हणून भांडायला येणारे पाहुणे तुमच्याकडेही असतीलच, तेव्हा खाली डावीकडे फळी चार इंच जास्त ठेवा.